गजाण्णांच्या चेहऱ्याचं वय

लिफ्टमध्ये शिरल्यावर माणसं मजल्यांचे आकडे बघतात, नाहीतर फोन बघतात. आमचे गजाण्णा हनुवट्या बघतात.

या कन्नड शहरात, जे. पी. नगरच्या या इमारतीत आम्ही राहायला आलो तो दिवस मला चांगला आठवतो. माझ्या दोन्ही हातांत कुंड्या होत्या, कान आणि खांदा यांच्यामध्ये फोन दाबलेला होता आणि टेम्पोवाल्याला चुकीचा पत्ता दिल्याबद्दल मी नवऱ्याला झापत होते. फोन संपला तेव्हा लक्षात आलं, की समोर उभा असलेला गोल, गुळगुळीत चेहऱ्याचा माणूस एक डोळा मिटून, अंगठा आणि तर्जनी ताणून माझ्या तोंडाचं माप घेतोय. हात माझ्यापासून चांगला लांब होता. त्यामुळे ओरडावं की न ओरडावं, ते ठरेना.

"कपाळ उत्तम," तो मराठीत म्हणाला. "डोळेही चांगले. हनुवटीने स्वल्प घोटाळा केलाय. चेहऱ्याचं वय एकतीस."

"मी छत्तीस वर्षांची आहे," मी म्हणाले. का म्हणाले, देव जाणे.

"ते आधार कार्डाचं. मी चेहऱ्याचं सांगतोय. पाच वर्षं वाचवलीत की!"

तिसऱ्या मजल्यावर त्याने माझ्या हातातली जड कुंडी घेतली, आमच्या दारात नेऊन ठेवली आणि समोरचं दार उघडून आत गेला.

संध्याकाळी त्याच दारातून एक बाई डब्यात चित्रान्न, म्हणजे लिंबाचा फोडणीचा भात, घेऊन आल्या. उंच, हाडापेराने मजबूत, केस पांढरेशुभ्र, डोळे बारीक आणि हनुवटी अशी, की तिच्यासमोर खोटं बोलायची हिंमत होऊ नये. "मी रत्नाक्का," त्या म्हणाल्या. "आमच्या घरचं माणूस माप घेऊन गेलं म्हणे तुमचं. मनावर घेऊ नका. जन्मभर कारखान्यात बेअरिंगं मोजली. आता बेअरिंगं नाहीत, म्हणून माणसं मोजतात."

माझा नवरा खोकी उघडण्यात गुंतला होता. तो तिथूनच मोकळेपणाने म्हणाला, "मावशी, तुमचा मुलगा भारी आहे हं!"

"भारी आहेच," रत्नाक्का म्हणाल्या. "फक्त माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा आहे."

नवऱ्याने त्यानंतर तासभर खोक्यातून डोकं वर काढलं नाही.

गजाण्णा तेव्हा त्रेसष्ट वर्षांचे होते आणि फार तर चाळिशीचे दिसत. काळेभोर दाट केस, तेही स्वतःचे. मोठाले डोळे, फुगीर गाल, एवढंसं नाक आणि त्याखाली हनुवटी जवळजवळ नाहीच. बसमध्ये ज्येष्ठ नागरिकाचं तिकीट मागितलं की कंडक्टर त्यांच्याकडे एकदा आणि आधार कार्डाकडे दोनदा बघायचा. कारखान्यात ते तपासणी विभागाचे प्रमुख झाले, तरी हाताखालची माणसं पाठीमागे त्यांना 'मरी' म्हणायची. कन्नडमध्ये लहान पिल्लाला म्हणतात तसं. एकदा त्यांनी मिशी वाढवून पाहिली. "स्नेहसंमेलनात चिकटवतात तशी दिसायची," असं रत्नाक्का सांगतात. "मीच म्हटलं, काढा. भाजीवाला हसतो."

त्यांचं घराणं काही शतकांपूर्वी कुठल्यातरी फौजेबरोबर दक्षिणेत आलं आणि परत जायचं विसरलं. त्यामुळे घरात मराठी, दारात कन्नड आणि रागावले की दोन्ही. मराठीत मधेच 'बरं'च्या जागी 'सरी' येतं, 'जरा'च्या जागी 'स्वल्प' येतं, आणि जास्त आश्चर्य वाटलं तर 'अय्यो'. माझं पुण्याकडचं, निम्मं इंग्रजी मिसळलेलं मराठी ऐकून गजाण्णा म्हणायचे, "तुम्ही मराठी सुरेख बोलता, फक्त त्यात मराठी स्वल्प वाढवा."

निवृत्त झाल्यावर लोक बागकाम करतात, भजनाला जातात. गजाण्णा रविवारच्या फुकट विज्ञान व्याख्यानांना जाऊ लागले. तिथे कधीतरी त्यांना कळलं, की जगात एक असा जलचर आहे जो म्हातारा होऊन मरेपर्यंत पिल्लाच्याच रूपात राहतो. संसार करतो, मुलंबाळं होतात, पण चेहरा बाळाचाच. गजाण्णांना अख्ख्या प्राणिसृष्टीत आपला एक नातेवाईक सापडला. तिथून जो अभ्यास सुरू झाला, तो थांबेना.

"माणूस म्हणजे कोण?" ते मला जिन्यात गाठून विचारायचे. माझी ऑफिसची कॅब खाली हॉर्न वाजवत असायची. व्हाइटफील्डपर्यंतचा तो रस्ता म्हणजे रोजचा एक प्रवासच, पण गजाण्णांना त्याचं काय! "चिंपांझीचं बाळ बघा. सपाट तोंड, गोल कपाळ, मोठे डोळे. हुबेहूब आपण! मग ते मोठं होतं, जबडा पुढे येतो, कपाळ मागे जातं. आपलं तसं होत नाही. म्हणजे आपण मोठेच झालो नाही. अख्खी मानवजात बाळ आहे!"

"गजाण्णा, कॅब..."

"कॅब थांबेल. उत्क्रांती थांबत नाही. आता पुढचं ऐका. पुरुषाला बाईचा चेहरा लहान वयाचा का आवडतो? कारण बाईच्या मूल होण्याच्या वर्षांना शेवट असतो. ती वर्षं वाचायची कुठे? चेहऱ्यावर. बरं, पुरुष चेहरा वाचायला शिकला, तसा चेहरा वय लपवायला शिकला. डोळे मोठे, नाक लहान, हनुवटी नाजूक. आहे त्यापेक्षा पाच वर्षांनी लहान दिसायचं. ही निसर्गाची लबाडी आहे!"

'निसर्गाची लबाडी' हा त्यांचा लाडका शब्दप्रयोग. कुत्र्याचे डोळे ही निसर्गाची लबाडी. शेजारच्यांच्या तान्ह्या नातीचे गाल ही तर भयंकर लबाडी, कारण ती रात्रभर रडते आणि सकाळी तिचा राग येत नाही. मी फोनवर फोटो काढून सुंदर करून पाठवले, तेव्हा ते आनंदाने उडालेच. "बघा! या तुमच्या फिल्टरने काय केलं? डोळे वाढवले, हनुवटी कापली. त्या प्रोग्राम लिहिणाऱ्या पोराला हे कुणी शिकवलं? त्याच्या लाखो वर्षांपूर्वीच्या आजोबांनी!"

हे सगळं रत्नाक्कांसमोर चालायचं. त्या शेंगा सोलत बसलेल्या असायच्या. मधेच विचारायच्या, "आणि बायकांना कसा चेहरा आवडतो, ते लिहिलंय का?"

"त्याबाबतीत शास्त्रज्ञांचं एकमत नाही," गजाण्णा जरा खालच्या आवाजात सांगायचे. "काही म्हणतात, रुंद जबडा. काही म्हणतात, प्रेमळ चेहरा."

"एकमत कसं होईल? विचारलं असेल पुरुषांनाच."

मी हसायचे, गजाण्णाही हसायचे. रत्नाक्कांच्या चेहऱ्याकडे मात्र आम्ही दोघांनी नीट बघितलं नसावं. हनुवट्या मोजणाऱ्या माणसाने तर नाहीच.

मग तो मेळावा आला.

आमच्या भागातली मराठी मंडळी दरवर्षी वधू-वर मेळावा घेतात. जुनी इथली घराणी, बेळगाव-निपाणीकडून आलेली कुटुंबं आणि आमच्यासारखे आयटीतले उपरे, सगळे एका सभागृहात. कुणाच्या तरी डोक्यात आलं, की या वेळी काहीतरी वैचारिक ठेवावं. गजाण्णांना दहा मिनिटं देण्यात आली. विषय, 'विज्ञान आणि विवाह'.

गजाण्णांनी त्यासाठी नवा सदरा शिवला. रत्नाक्का ठेवणीतली इरकल नेसल्या. मी आणि नवरा त्यांच्या मागच्याच रांगेत बसलो होतो. गजाण्णांनी माईक घेतला, पडद्यावर आधी चिंपांझीच्या पिल्लाचा फोटो दाखवला आणि मग पूर्ण वाढलेल्या चिंपांझीचा. मागून एका उशिरा आलेल्या आजींचा स्पष्ट आवाज आला, "हे स्थळ कुठलं?"

सभागृहात हशा उसळला. गजाण्णांना वाटलं, भाषण रंगलं. ते रंगात आले. पुरुषाला कसे डोळे आवडतात, नाक केवढं, ओठ कसे, हनुवटी किती, हे त्यांनी हवेत बोटांनी मापं घेत सांगितलं. हळूहळू हसणं थांबलं. मुलांच्या आया मान वळवून मुलींच्या हनुवट्या बघू लागल्या. माझ्या शेजारच्या मुलीने ओढणी गळ्यावरून वर ओढून तोंडापर्यंत घेतली. एक निळ्या पंजाबी ड्रेसमधली उंच मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "काका, माझी हनुवटी मोठी आहे. मी घरी जाऊ का?"

"नाही, नाही," गजाण्णा गडबडले. "मी म्हणत नाही. निसर्ग म्हणतो."

"मग निसर्गालाच मुली दाखवा," ती म्हणाली आणि बसली. तिला भाषणापेक्षा जास्त टाळ्या मिळाल्या.

आता हे इथे संपलं असतं तरी चाललं असतं. पण आभार मानायला आलेला कार्यकर्ता नवा होता. त्याने गजाण्णांना शाल दिली, पहिल्या रांगेकडे बघितलं आणि म्हणाला, "अशा विद्वान सुपुत्राला घडवणाऱ्या मातोश्रीही आज आपल्यात आहेत. त्यांचाही सत्कार करू या!"

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग ज्यांना माहीत होतं त्यांनी खाली बघितलं आणि ज्यांना माहीत नव्हतं त्यांनी टाळ्या वाजवल्या. गजाण्णा खांद्यावरच्या शालीची टोकं ओढत राहिले. रत्नाक्का उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून सावकाश पायऱ्या चढल्या, नारळ घेतला, माईक जवळ ओढला आणि म्हणाल्या, "पोरगं हुशार आहे. फक्त माझं ऐकत नाही."

सगळं सभागृह हसलं. रत्नाक्काही हसल्या. परतीच्या वाटेवर आमच्या गाडीत त्या खिडकीशी बसल्या होत्या आणि मांडीवरच्या नारळाच्या शेंडीचे धागे एकेक करून ओढत होत्या.

त्यानंतर रत्नाक्कांनी गजाण्णांबरोबर बाहेर पडणं सोडलं. सकाळचं फिरणं नको, गुडघा दुखतो. देवळात नको, गर्दी असते. बाजाराला तुम्हीच जा. आधी ही जोडी रोज पिशवी दोघांत धरून यायची. आता गजाण्णा एकटेच पिशवी घेऊन यायचे आणि तीही चुकीच्या भाजीने भरलेली. लिफ्टमध्ये भेटले तर चपलांकडे बघायचे. इमारतीत नवीन भाडेकरू आले, चांगले चार जण, पण गजाण्णांनी कुणाचंही माप घेतलं नाही. वॉचमननेसुद्धा मला विचारलं, "अण्णांना बरं नाही का?"

एका शनिवारी मी मिक्सरचं भांडं दुरुस्त करायला इथल्या शिवाजीनगरला निघाले होते. गजाण्णा फाटकापाशी उभे होते. म्हणाले, "मलाही तिकडेच काम आहे. येऊ?"

मिक्सरवाल्याकडे भांडं टाकून मी मागे बघते, तो गजाण्णा दोन दुकानं सोडून एका सलूनमध्ये शिरलेले. मी दारात पोचले तेव्हा त्यांचा न्हाव्याशी वाद चालला होता.

"साब, सारी जिंदगी लोगां के सफेद बालां काले करा मैं," न्हावी म्हणत होता. "काले बालां सफेद करो बोलने वाला गिऱ्हाईक पैली बार देखा."

"पैसे तेवढेच देतो. करा."

"गजाण्णा!" मी म्हणाले. "काय करताय हे?"

त्यांनी आरशातूनच माझ्याकडे बघितलं. "तिचे पांढरे आहेत. माझेही झाले की संपलं. परत कुणी तिला माझी आई म्हणणार नाही." आणि त्या बाळाच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेला हट्ट आणून ते न्हाव्याला म्हणाले, "चला, सुरू करा."

न्हाव्याने आधी काळा रंग काढणारं काहीतरी लावलं. त्याच्या वासाने माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मग धुतलं. मग पुन्हा लावलं. शेवटी टॉवेल काढला, तेव्हा गजाण्णांच्या डोक्यावर मक्याच्या कणसाला असतात तसले पिवळट सोनेरी केस उभे होते आणि त्यांच्याखाली तो गोल, गुळगुळीत चेहरा. चाळिशीचे दिसणारे गजाण्णा आता पंचविशीचे दिसत होते. शेजारच्या खुर्चीतला कॉलेजचा पोरगा कौतुकाने वळून म्हणाला, "ब्रो, कौनसा शेड है?"

गजाण्णा माझ्याकडे बघत होते. "पांढरे झाले ना?"

मला खोटं बोलवेना आणि खरंही सांगवेना. मी मिक्सरचं भांडं आणायला गेले.

परत येताना सगळ्या वाटेवर ते रुमाल डोक्यावर धरून बसले होते. तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट थांबली तशी म्हणाले, "तुम्ही स्वल्प आत या. एकट्याने जमायचं नाही."

रत्नाक्कांनी दार उघडलं. रुमाल खाली आला. त्या बघतच राहिल्या.

"अय्यो," त्या अखेर म्हणाल्या. "हे काय?"

"म्हातारा झालो," गजाण्णा म्हणाले.

"कुठे?"

आणि मग त्या हसू लागल्या. दाराची चौकट धरून, मग भिंत धरून, मग खुर्चीत बसून. किती दिवसांनी हसत होत्या, कुणास ठाऊक. हसता हसता पदराने डोळे पुसले आणि पुसतानाच हसणं थांबलं.

"कशासाठी केलंत हे?"

"त्या दिवशी तुला माझी आई म्हणाले. पुन्हा कुणी म्हणू नये."

"ते मला नवीन आहे का?" रत्नाक्का म्हणाल्या. "आई म्हणाले, मोठी बहीण म्हणाले, कन्याकुमारीला त्या लॉजवाल्याने सासू म्हटलं. दर वेळी मी हसले की नाही? लोकांना काय, त्यांना माहीत नसतं. तुम्हाला तर माहीत आहे ना? तुम्ही माईक धरून सांगत होतात, पुरुषाला कसले डोळे आवडतात, कसली हनुवटी आवडते. त्यातलं एकही माझ्याकडे नाही. लग्नातही नव्हतं. मी पहिल्या रांगेत बसून ऐकत होते. मनात आलं, एवढी वर्षं या माणसाने निभावलं तरी कसं?"

मी हळूच दाराकडे सरकले. पण दारात गजाण्णा उभे होते आणि ते हलण्याच्या स्थितीत नव्हते. ज्यांना कॅबचा हॉर्नही थांबवू शकत नसे, ते हातातल्या रुमालाची घडी घालत होते आणि मोडत होते.

"रत्ना," ते शेवटी म्हणाले, "तो सगळा अभ्यास मी त्याचसाठी करतोय."

"कशासाठी?"

"पुस्तकाप्रमाणे तू मला आवडायला नको होतीस. मला वाटलं, पुढच्या पुस्तकात असेल. पुढच्या व्याख्यानात सांगतील, की असाही एखादा पुरुष असतो. कुणीच सांगत नाही. सगळे तेच डोळे, तीच हनुवटी. मग मला वाटायला लागलं, मीच सदोष माल आहे. आमच्या खात्यात असता तर बाजूला काढला असता."

रत्नाक्कांनी पदर हातात तसाच धरून मान वर केली.

"तुला बघायला आलो होतो तेव्हा आई म्हणाली, मुलगी थोराड दिसते. काका म्हणाले, आमच्या बाळला शोभणार नाही. मामा म्हणाले, बाळला काय कळतंय. मी नोकरीला लागून चार वर्षं झाली होती आणि सगळे माझ्या डोक्यावरून बोलत होते. तेवढ्यात तू माझ्याकडे वळलीस. त्या सगळ्यांना सोडून. आणि म्हणालीस, 'तुम्हाला काय वाटतं?' मोठ्या माणसाला विचारतात ना, तसं. मी तुझा चेहरा बघितला तो त्या वेळी. त्यानंतर मला दुसरा चेहरा चेहऱ्यासारखा वाटला नाही. बाकीचे मी नुसते मोजतो."

खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती होत नव्हती.

"अहो," रत्नाक्का हळूच म्हणाल्या, "मी चहाचं विचारलं होतं. साखर बरी आहे का, काय वाटतं तुम्हाला, असं. बाबांनी सांगून ठेवलं होतं, पाहुण्यांना विचार म्हणून."

मला वाटलं, आता गजाण्णा कोसळणार. ते कोसळले नाहीत. त्यांनी थोडा विचार केला.

"असेल," ते म्हणाले. "पण तोवर मला तेवढंसुद्धा कुणी विचारलं नव्हतं. आईच घालायची."

रत्नाक्का उठल्या. गुडघा धरून, सावकाश. गजाण्णांजवळून जाताना त्यांनी त्या पिवळ्या केसांवरून हात फिरवला, तो केसांची अवस्था बघण्यासाठी की कशासाठी, ते मला सांगता येणार नाही. स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज झाला, गॅस पेटला.

"साखर किती घालू?" आतून आवाज आला.

इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना ते माहीत नसणं शक्यच नव्हतं. गजाण्णांनी उत्तर द्यायला चांगला वेळ घेतला.

"दीड चमचा," ते म्हणाले. मग जरा थांबून, "नको. दोन."